एकेचाळीस, बेचाळीस

रात्रीचा दीड. दांडिया बाजार, तिसरा मजला.
माझी सेनापतीण एकशे अकराव्यांदा दांडपट्टा फिरवते
आणि एकशे अकराव्यांदा
समोरचा पडतो, दोरीवरून टॉवेल पडावा तसा.

हाडं बरोबर, सांधे बरोबर,
डोळ्यांत राग भरलाय हवा तेवढा.
वजन तेवढं नाही.
हेमल म्हणतो, वेग वाढव, दोन फ्रेमा काप.
कापल्या.
आता ती माश्या हाकलते आहे.

म्हणून पहाटे साडेपाचला इंगळे मास्तरांच्या तालमीत,
लकडी पुलाच्या अलीकडे, गिरणीमागे.
मास्तर अडुसष्ट वर्षांचे,
डाव्या गुडघ्याला पट्टी, चष्मा सदऱ्याच्या खिशात.
"व्हिडिओ काढा ने खुशाल. आधी चपला काढा."

त्यांनी लाठी उचललीच नाही लवकर.
आधी श्वास सोडला.
मग उजवी टाच वळली, मग कंबर, तीही उलट्या बाजूला,
जणू मारायचं रद्द करून घरी निघालेत.
मी मनात फ्रेमा मोजतेय: अठरा, वीस, सव्वीस.
लाठी अजून पाठीमागेच.
आणि मग
काहीच दिसलं नाही.
मातीचं पोतं मधोमध वाकलेलं दिसलं, एवढंच.

"मारणं केवढंसं असतं," मास्तर म्हणाले,
"मेहनत सगळी मागं जाण्यात."
आणि हूल द्यायची असली तर?
"तर मागं खरंखुरं जायचं. पुढं यायचंच नाही."

स्टुडिओत परतले, वाटेत सेव-उसळ खाऊन,
आणि मास्तरांना पडद्यावर एकेक फ्रेम पुढे ढकललं.
एकतीसवर ते अर्धे झालेत, गुडघे दुमडून,
उडी घ्यायच्या आधी मांजर होतं तसे.
बत्तीसवर ताडासारखे लांब.
तेहतीसवर लाठी नाहीच,
एक पिवळट फराटा आहे आणि मास्तरांना तीन मनगटं.
असं चित्र मी कॉलेजात काढलं असतं
तर वही खिडकीबाहेर गेली असती.
चौतिसाव्याला पोतं.

काचेवर मार्करनं लाठीच्या टोकाचे ठिपके मांडले,
जोडले,
तर सरळ रेघ कुठेच नव्हती.
कोयरी निघाली, शालूच्या काठावर असते तशी.

लाठी थांबली तरी सगळं थांबत नाही.
सदरा पुढे जातो, मग खांद्याची सैल कातडी,
चष्मा खिशातून वर उसळतो
आणि श्वास परत यायच्या आत
डावा हात त्याला झेलायला निघालेला असतो.
हे मी तालमीत पाहिलंच नव्हतं.

हेही नव्हतं पाहिलं:
एकेचाळीस, बेचाळीस.
दोन फ्रेमा, सेकंदाचा पंधरावा हिस्सा.
डोळे घट्ट मिटलेले, ओठ एका बाजूला ओढलेला.
त्रेचाळीसवर पुन्हा मास्तर,
शांत, मिशीखाली हसू,
"आलं का सगळं त्यात?" असं विचारायला तोंड उघडलेलं.

पुढच्या चार रात्री सेनापतीण मागे जायला शिकली.
श्वास सोडला, टाच वळवली,
इतकी मागे गेली की समोरच्याला वाटलं, वाचलो.
वार एका फ्रेमचा, फराट्याचा.
तो आता नीट पडतो, आधी गुडघा, मग खांदा,
आणि माणूस संपल्यावरही
त्याचा शेला आठ फ्रेमा लढत राहतो.

हेमलनं तीनदा पाहिलं. मग थांबवून मागे घेतलं.
"वार झाल्यावर हिच्या चेहऱ्याला काय होतं?
दोन फ्रेमा बिघडल्यात. काढून टाक."

म्हटलं, गुडघा आहे तो.

"गोष्टीत कुठे लागलंय हिच्या गुडघ्याला?"

जुनं आहे, म्हटलं.
गोष्टीच्या आधीचं.